पोच घेतलीस का?

मागच्या अंकात लिहिलं होतं की पीएचडी करणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवा, आणि खरं सांगते, एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ, ताई नाव छापू नका, गाइडची सही बाकी आहे. म्हणून एकाचंही नाव इथे नाही. सगळ्यांना जागा देता आली नाही, पण ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा आल्यात त्या घेतल्यात.

ताई, मला जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) आहे पण सात महिने झाले फेलोशिप जमा नाही. डिपार्टमेंटवाले म्हणतात फायनान्सला जा, फायनान्सवाले म्हणतात डिपार्टमेंटकडून कन्फर्मेशन आलं नाही, यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) फोन लावला तर उचलत नाहीत. मेसचं बिल तीन महिन्यांचं थकलंय. घरी सांगितलंय की पैसे येतायत, कारण लग्नाचं थांबवून मी इथे आलीये. गाइड चांगले आहेत पण म्हणतात फार ताणू नकोस. काय करू?
*— संशोधक विद्यार्थिनी, परभणी जिल्हा*

अगं, पहिलं म्हणजे हा तुझा हक्काचा पैसा आहे, कोणी उपकार करत नाहीये. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफ महिना 37,000 आहे, म्हणजे सात महिन्यांचे 2 लाख 59 हजार झाले. एवढा पगार कुठल्या क्लार्कचा थकला असता तर ऑफिस बंद पडलं असतं ना? मग तू का लाजतेस.

आता पैसे अडकलेत कुठे ते शोधायचं, कारण "विद्यापीठात अडकलेत" हे काही उत्तर नाही. दर महिन्याला तू हजर आहेस, काम करतेयस असं कन्फर्मेशन डिपार्टमेंटकडून जातं, मग विद्यापीठात एक जण ते पोर्टलवर भरतो त्याला मेकर म्हणतात आणि दुसरा तपासून पुढे पाठवतो तो चेकर, त्यानंतर ते यूजीसीकडे. विद्यापीठातल्या या तीनपैकी नेमक्या कुठल्या टेबलावर थांबलंय हे तारखेसकट विचार. आमच्या वेळी अकरा महिने फेलोशिप थांबली होती, आम्ही चौदा जण होतो, रोज कोणीतरी एक जण जाऊन हात हलवत परत यायचा. शेवटी कळलं काय, तर मेकरचं काम बघणाऱ्या बाईंची बदली झालेली आणि लॉगिनचा ओटीपी अजून त्यांच्याच मोबाइलवर जात होता! त्या बिचाऱ्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये बसून येणारे ओटीपी डिलीट करत होत्या. वाईट कोणीच नव्हतं, पण विचारणाराही कोणी नव्हता, आणि तेवढ्यात आमच्यातला एक मुलगा पीएचडी सोडून गावी गेला तो गेलाच. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

हे कळलं कसं, तर अर्जामुळे. तोंडी विचारणं बंद केलं आणि चौदा जणांच्या सह्यांचा एकच अर्ज केला, नावं आडनावाच्या बाराखडीने लिहिली म्हणजे पुढारी कोण हे कोणालाच म्हणता येऊ नये. दोन प्रती घेऊन आवक-जावकला गेलो तर तिथले काका म्हणाले आधी साहेबांना दाखवून आणा. आम्ही म्हटलं काका, साहेबांना तुम्हीच दाखवा, आम्हाला फक्त पोच द्या. पाच मिनिटं ते आमच्याकडे आणि आम्ही त्यांच्याकडे बघत उभे, मग त्यांनी जांभळा शिक्का उचलला, तारीख फिरवली, आवक क्रमांक टाकला आणि आमच्या प्रतीवर मारला. नवव्या दिवशी फायनान्समधून फोन आला. आधीचे अकरा महिने आम्ही चकरा मारत होतो, पण त्या कुठेच नोंदल्या नव्हत्या ना.

तर तू हे कर. तुझ्यासारखे अजून किती जण आहेत बघ (असणारच, एकट्या तुझी थांबत नाही) आणि सगळ्यांचा मिळून कुलसचिवांच्या नावाने अर्ज द्या, प्रत एचओडींना (विभागप्रमुखांना), आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीचे 2023 चे नियम आहेत, त्यात स्कॉलरशिप न मिळणं किंवा उशिरा मिळणं ही सरळ तक्रार धरलीये, समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत रिपोर्ट द्यायचा, नाही पटलं तर तुला पुढच्या 15 दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं आणि त्यांनी 30 दिवसांत निकाली काढायचं. विद्यापीठाला लोकपाल नेमणं बंधनकारक आहे, नाव वेबसाइटवर शोध, नसेल तर तेही अर्जात लिही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप असणाऱ्यांनी पण लिहिलंय, त्यांचं टेबल वेगळं पण रीत हीच, प्रोग्रेस रिपोर्ट आणि हजेरी ज्या दिवशी दिली त्या दिवशीची पोच जपून ठेवा.

आणि घरी खरं सांग बाळा. मेसवाल्यालाही पोच लागलेला अर्ज दाखव, बरेच जण थांबतात.

ताई, आमच्या विद्यापीठात पीएचडीवाल्यांचा प्रतिनिधी नक्की कोण? सिनेटला (विद्यापीठाच्या अधिसभेला) पदवीधरांचे 10 जण निवडून जातात म्हणे, मग ते आमचे का? त्यातला एकही आजवर आमच्या लॅबला आलेला नाही. लॅब रात्री आठला बंद करतात, लायब्ररीत आम्हाला वेगळी जागा नाही, हॉस्टेल चौथ्या वर्षी सोडायला लावतात. सांगायचं कोणाला?
*— दोन मित्र, कोल्हापूर*

हा घोळ खूप जणांचा आहे, "पदवीधर" या शब्दामुळे होतो. सिनेटमधल्या त्या 10 जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या, म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या, 5 खुल्या आणि 5 राखीव. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई विद्यापीठात ज्याची एवढी चर्चा झाली ती हीच निवडणूक. यात वकील असतात, पक्षाचे कार्यकर्ते असतात, चांगलं काम करणारेही असतात, पण ते लॅबमध्ये बसणाऱ्या मुलांचे प्रतिनिधी म्हणून निवडलेले नसतात. एक मात्र आहे, तुम्हीही पदवीधरच आहात, तेव्हा मतदार नोंदणी निघाली की फॉर्म भरा. चारशे पीएचडीवाल्यांची मतं एकगठ्ठा आहेत म्हटल्यावर उमेदवार आपणहून लॅब बघायला येतील.

विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणाल तर तो विद्यार्थी परिषदेतून यायला हवा, आणि तिथेच महाराष्ट्रात गाडी अडलीये. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि मार्कांवर नेमणूक आली. कॉलेज निवडणुकांमध्ये मारामाऱ्या झाल्या होत्या, मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता, तेव्हा कारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मार्क जास्त पडले म्हणून कोणी तुमच्या हॉस्टेलसाठी भांडेल हे कसं काय? 2016 च्या कायद्यात निवडणूक परत लिहिली गेली, कायदा 1 मार्च 2017 ला लागू झाला, 2019 मध्ये होणार होणार म्हणता पुढे ढकलली, मग कोविड. आणि झाल्या तरी आपल्या लोकांची एक अडचण आहेच, विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने संशोधक विद्यार्थ्याला उभं राहायला 28 वयाची मर्यादा सांगितलीये. आपल्याकडे एमए झालं, दोन-तीनदा नेट-सेट दिली, दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आणि मग पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास होऊन ॲडमिशन, यात अठ्ठावीस कधीच उलटून जातात. म्हणजे ज्यांचे प्रश्न सगळ्यात जास्त वर्षं चालतात तेच उभे राहू शकत नाहीत. मला हे चूक वाटतं आणि मी हे जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते.

एक जागा मात्र अशी आहे जिथे तुमचा निवडून आलेला माणूस असायलाच पाहिजे, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची जी अंतर्गत समिती, तिच्यात प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीन विद्यार्थी घ्यायचे, एक पदवीचा, एक पदव्युत्तर आणि एक संशोधक, आणि तेही पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडून, असं यूजीसीच्या 2015 च्या नियमांत लिहिलंय. तुमच्याकडे ही निवड शेवटची कधी झाली, हे लेखी विचारा. उलट तक्रार निवारण समितीत विद्यार्थी असतो तो फक्त विशेष निमंत्रित, मार्क किंवा खेळ बघून नेमलेला.

तोपर्यंत काय, तर डिपार्टमेंटपुरतं स्वतःचं सुरू करा, कायद्याने कोणी अडवत नाही. आयआयटी मुंबईत पीजी-पीएचडीच्या अभ्यासाच्या प्रश्नांसाठी वेगळा जनरल सेक्रेटरी असतो, यूजीपेक्षा वेगळा, कारण प्रश्नच वेगळे आहेत. तुम्ही तुमच्या चाळीस जणांतून तीन माणसं निवडा, त्यात एक मुलगी हवी आणि एक जण असा हवा ज्याला कुठलीच फेलोशिप नाही (त्याचे हाल फेलोशिपवाल्यांना कळत नाहीत, हे मी आमच्याच ग्रुपबद्दल सांगतेय). एक वर्षच ठेवा, नंतर बदला. दोनशे पानी वही घ्या, महिन्यातून एकदा एचओडींकडे वेळ मागा, काय बोललो ते वहीत लिहा आणि त्यांची सही घ्या. सुरुवात छोट्या गोष्टीने करा. लॅब आठऐवजी अकराला बंद करणं यात कोणाचा इगो दुखत नाही, वॉचमनची ड्युटी आणि मुलींना हॉस्टेलपर्यंत सोडायची सोय एवढं ठरलं की होतं. ते झालं की लोक तुमच्या मागे येतात, मग हॉस्टेलचा मोठा प्रश्न काढा आणि तो काढताना सांगा की पीएचडीची मुदत यूजीसीच्या नियमानेच सहा वर्षं आहे, तर चौथ्या वर्षी खोली कशी काढता.

मला सहावा महिना चालू आहे. ऑफिसमध्ये सांगितलं की पीएचडीला मॅटर्निटी लीव्ह नसते, हवं तर रजिस्ट्रेशन रद्द करून नंतर या. खरं आहे का?
*— नाशिक*

अजिबात नाही. यूजीसीच्या 2022 च्या पीएचडी नियमांत महिला संशोधकांना पूर्ण काळात मिळून 240 दिवसांपर्यंत मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह आहे. आणि सहा वर्षं पुरली नाहीत तर पुन्हा नोंदणी करून सगळ्यांनाच दोन वर्षं मिळू शकतात, महिलांना त्यावर अजून दोन. रद्द वगैरे कशावरही सही करू नकोस. नियमाची प्रिंट काढ, अर्जाला जोड, डॉक्टरांचा दाखला लाव आणि नवऱ्याला पाठव आवक-जावकला देऊन पोच घ्यायला, तू जिने चढत बसू नकोस. तब्येत जप गं.

माझे गाइड मला नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली, त्यांच्या पुस्तकाची प्रूफं, मुलाला क्लासला सोडणं, एकदा तर गॅस सिलिंडरच्या नंबरला उभं राहणं, सगळं करायला लावतात. दोन वर्षांत माझा एकच चॅप्टर झालाय आणि तो त्यांनी पाच महिने वाचलेला नाही. नाही म्हटलं तर म्हणतात तुझं व्हायवा (शेवटची तोंडी परीक्षा) मी बघतो. रात्री झोप लागत नाही, एक दोनदा मनात नको ते आलं.
*— एक विद्यार्थी, मराठवाडा*

तुझं शेवटचं वाक्य मी आधी घेते. आज, हे वाचल्या वाचल्या 14416 ला फोन लाव, टेलिमानस आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. आणि एका माणसाला सांग, रूममेट, बहीण, कोणीही, पण आजच. पीएचडीपेक्षा तू मोठा आहेस रे. अशा एका मित्राच्या आईसमोर मी बसलेय, म्हणून एवढं आर्जवाने सांगते.

आता गाइडचं. पीएचडीवाल्याने शिकवण्यात, प्रॅक्टिकल घेण्यात, पेपर तपासण्यात मदत करणं नियमात आहे, पण आठवड्याला 4 ते 6 तास. सिलिंडर आणि मुलाचा क्लास कुठल्याच नियमात नाही. तू आजपासून तारीखवार लिहायला लाग, कुठलं काम, किती तास, कोणी सांगितलं. चॅप्टर मेलने पाठव, हातात देऊ नको, आणि महिन्याने त्याच मेलवर नम्र आठवण कर, "सर, आपल्या सूचनांची वाट बघतोय" एवढंच.

दर सेमिस्टरला रिसर्च ॲडव्हायजरी कमिटीपुढे तुझं प्रेझेंटेशन व्हायला हवं, ते होतंय का? बऱ्याच ठिकाणी नुसत्या सह्या होतात. तू मागणी कर, कारण तिथे गाइड सोडून दुसरे लोक असतात आणि चॅप्टर कधी दिला हे त्यांच्यापुढे कागदावर येतं. गाइड बदलायचा अर्जही करता येतो, प्रत्येक विद्यापीठाचं त्याचं परिपत्रक असतं. पण आधी दुसरे कोण घ्यायला तयार आहेत ते गुपचूप विचारून ठेव, जागा असायला हव्यात कारण प्रोफेसरला 8, असोसिएटला 6 आणि असिस्टंटला 4 च विद्यार्थी घेता येतात. मी तुला खोटं सांगणार नाही, बदलल्यावर काही महिने कॉरिडॉरमधून जाताना पोटात गोळा येतो, लोक कुजबुजतात, आणि एक वर्ष वायाही जाऊ शकतं. तरी तुझं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं तू बदलावंस. आणि "व्हायवा मी बघतो" याला एवढं घाबरू नकोस, थिसिस बाहेरचे परीक्षकही तपासतात, एकट्या गाइडच्या हातात ते नसतं.

ताई मी पुण्याची, सध्या अमेरिकेत एका खाजगी युनिव्हर्सिटीत पीएचडी करतेय. इथे ग्रॅज्युएट स्टुडंट्सची युनियन आहे, कार्डवर सही कर म्हणून सगळे मागे लागलेत. आई-बाबा म्हणतात व्हिसावर आहेस, भानगडीत पडू नको.

आई-बाबांची भीती मला कळते. पण माहिती अशी की ऑगस्ट 2016 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या केसमध्ये तिथल्या लेबर बोर्डाने ठरवलं की खाजगी विद्यापीठातले टीचिंग आणि रिसर्च असिस्टंट हे कर्मचारीही आहेत, म्हणजे युनियन करू शकतात. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसा आहे म्हणून सभासद होता येत नाही असं नाही, कितीतरी भारतीय मुलं सभासद आहेत. नोव्हेंबर 2022 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या 48,000 लोकांनी संप केला, घरभाडं भरून हातात काही उरत नाही म्हणून, जवळपास सहा आठवडे चालला आणि पगार वाढवून घेतले. कार्डवर सही करणं आणि संपावर जाणं या दोन गोष्टी मात्र वेगळ्या समज. संपाची वेळ आली तर तुझं फुलटाइम एनरोलमेंट तुटता कामा नये, कारण व्हिसा त्यावर आहे, ते युनियनच्या वकिलाला आणि इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारून घे. बाकी मला तुमचं एक फार आवडतं, तिथे शिकवणाऱ्या पीएचडीवाल्याला काम करणारा माणूस म्हणतात. आपल्याकडे हजेरी मागताना कर्मचारी, आणि हक्क मागितला की विद्यार्थी.

माझी मुलगी पीएचडीला आहे, पाचवं वर्ष. आधी रोज फोन करायची, आता आठवड्यातून एकदा, तेही दोन मिनिटं. मी शेतकरी माणूस, तिच्या विषयातलं मला काही कळत नाही. नातेवाईक विचारतात अजून किती दिवस. आम्ही तिच्यासाठी काय करावं?
*— एक वडील, लातूर जिल्हा*

काका, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसले. पाचव्या वर्षी फोन कमी होतात हे मी पुष्कळ मुलींचं बघितलंय, आणि बहुतेक वेळा कारण हेच की घरून पहिला प्रश्न "कधी संपणार" असा येतो आणि तिच्याकडे उत्तर नसतं. तिच्या हातातही नसतं ते, थिसिस दिल्यावर सुद्धा तपासून निकाल लागायला सहा महिन्यांचा काळ धरलाय आणि पुष्कळदा त्याहून जास्त जातो. तेव्हा हा प्रश्न तुम्ही विचारू नका आणि नातेवाइकांना तुम्हीच सांगा की तिचं नियमाप्रमाणे चाललंय.

जमलं तर एकदा जाऊन या. काही बोलायचं ठरवून जाऊ नका, सोबत घरचं पीठ, तिच्या आवडीचं लोणचं असं काहीतरी न्या, आणि तिला म्हणा तुझी लॅब दाखव, तुझं टेबल कुठलं ते दाखव. फेलोशिप वेळेवर येते का, मेसचं बिल थकलंय का हे हळूच विचारा, मुली हे आपणहून सांगत नाहीत. ती जेवत नसेल, झोपत नसेल, खूप रडत असेल तर तिथल्या रेक्टर मॅडमना भेटा आणि 14416 तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. आणि परत आल्यावर मला चार ओळी लिहा काका, ती कशी आहे ते.